पॅनिक अटॅकसाठी आठ महिने मानसशास्त्रज्ञांकडे: 22 सेशन्सनंतरचा अनुभव

सुरुवातीचे तीन महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि आता महिन्यातून एकदा, अशी माझी आतापर्यंत 22 सेशन्स झाली. जाण्याआधी मी खूप वाचलं होतं. कुणी लिहिलं होतं 'आयुष्यच बदललं', कुणी 'नुसतं बोलायचे पैसे घेतात'. त्या खोलीत नेमकं होतं काय, हे मात्र कुणीच नीट सांगितलेलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

मला पॅनिक अटॅक येत होते. पहिला लिफ्टमध्ये आला. छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही आणि आता आपण संपलो याची पक्की खात्री. ईसीजी, रक्त, थायरॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळं नॉर्मल आलं. 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून मला घरी पाठवलं. त्यानंतर लिफ्ट सुटली, मग गर्दीची ठिकाणं सुटली. मीटिंगमध्ये मी दाराजवळचीच खुर्ची धरू लागले. पर्समध्ये पाण्याची बाटली नसेल तर पाऊल बाहेर पडेना.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण मीही त्यात दोन आठवडे घालवले. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, तपासणी आणि बोलण्यातून होणारे उपचार करतात; मी गेले ते यांच्याकडे. बहुतेक ठिकाणी त्यांना औषध लिहिता येत नाही. काहींना दोघांचीही गरज लागते. मला औषध लागलं नाही, पण त्यावरून कुणी स्वतःचं औषध बंद करू नये.

पहिल्या सेशनला मी रडायच्या तयारीने गेले होते. प्रत्यक्षात प्रश्नच खूप होते. शेवटचा अटॅक मिनिटामिनिटाने सांगायला लावला. आधी शरीरात काय जाणवलं, मग डोक्यात काय आलं, मग मी काय केलं. स्वतःला संपवायचे विचार येतात का, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, आणि त्या सरळपणाने मला उलट बरं वाटलं. इथलं बोलणं गुप्त राहील, पण माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर ते बंधन सुटतं, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. मग चिंता मोजायची जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. माझे 21 पैकी 17 आले. गेल्या महिन्यात 6 होते.

तिसऱ्या सेशनला त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं. छातीत जरा धडधडलं, की 'हा हार्ट अटॅक' असा अर्थ मी लावते. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड मला पुरावा वाटते. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये पॅनिकची ही मांडणी केली, असं त्यांनी सांगितलं. कागदावर मला ते पटलं, पण पोटातली भीती तशीच होती. तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, करून बघू." आम्ही दोघींनी समोरासमोर बसून एक मिनिटभर जोरजोरात श्वास घेतले. चाळीस सेकंदांत माझ्या तळहातांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. तीच लक्षणं! भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. इतके महिने मी जिला मरणाची चाहूल समजत होते, ती खुर्चीत बसून मुद्दाम आणता येत होती आणि दोन मिनिटांत ओसरतही होती. (माझ्या तपासण्या झालेल्या होत्या. हृदयाचा त्रास, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे मनाने घरी करू नका.)

मी बेशुद्ध पडेन ही भीतीही अशीच उलगडली. बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब एकदम उतरावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो बहुधा चढलेला असतो. हे मला आधी एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपली, ती. दर सेशनच्या शेवटी मी विचारायचे, "मला काही होणार नाही ना?" नवव्या सेशनला त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "हा प्रश्न या आठवड्यात किती वेळा, कुणाकुणाला विचारलात?" मी मोजलं. अकरा वेळा. नवऱ्याला, बहिणीला, इंटरनेटला. त्या म्हणाल्या, "मग बारावं उत्तर मी देऊन काय होईल?" मला इतका राग आला की पुढचं सेशन मी रद्द केलं. भीतीने अर्धमेलं झालेल्या माणसाला दोन धीराचे शब्द द्यायला काय जातं, असं वाटत राहिलं.

पंधरा दिवसांनी गेले आणि हे सगळं तोंडावर बोलले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की उत्तर न देण्यामागचं कारण त्यांनी आधी समजावायला हवं होतं, तिथे त्यांची घाई झाली. कुठे पोहोचायचं, त्यासाठी काय करायचं आणि एकमेकांवर विश्वास, या तीन गोष्टी थेरपिस्ट आणि पेशंट यांच्यात जुळाव्या लागतात, आणि एक जरी निसटली तरी ती उघडपणे बोलून घ्यावी लागते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये मांडलेला हा विचार त्या दिवशी मला शब्दशः अनुभवायला मिळाला. ज्या माणसावर मी रागावले, तो माणूस ना दुरावला ना खचला. माझ्या घरात असं कधी झालेलं नव्हतं.

त्याच दिवशी निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून मी म्हणाले, "बाबा गेले त्या रात्री सगळे म्हणत होते, काही नाही, अ‍ॅसिडिटी आहे." त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू." पुढची तीन सेशन्स त्या एका रात्रीवर गेली. 'काही होणार नाही' हे वाक्य मी सगळ्यांकडून मागत होते आणि नेमक्या त्याच वाक्यावर माझा विश्वास नव्हता. कुणी ते हजारदा म्हटलं असतं तरी मला पुरलं नसतं. त्यांनी नवव्या सेशनला का टाळलं, ते मला तेव्हा कळलं.

मग लिफ्ट. भीतीची शिडी बनवली आणि प्रत्येक पायरीला 0 ते 100 असे आकडे दिले. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांची. दार उघडं ठेवून लिफ्टसमोर उभं राहणं 30, नवऱ्याबरोबर एक मजला 45, एकटीने एक मजला 65, एकटीने थेट वर 90. आत जाण्याआधी वहीत लिहायचं की काय होईल असं वाटतंय, आणि बाहेर आल्यावर प्रत्यक्षात काय झालं. 'श्वास कोंडेल, खाली पडेन' हे मी बावीस-तेवीसदा लिहिलं असेल. समोरच्या रकान्यात दरवेळी 'खूप घाबरले, उभी राहिले'. बाटली सोडणं लिफ्टपेक्षा अवघड गेलं. बाटली बरोबर असेपर्यंत मन म्हणायचं, बाटली होती म्हणून वाचलीस.

जे जमलं नाही तेही सांगते. विचारांची नोंद करायचा सात रकान्यांचा तक्ता मी परीक्षेसारखा भरायचे आणि त्यातून हाताला काही लागलं नाही. शेवटी आम्ही तो दोन रकान्यांवर आणला. दीर्घ श्वसनही मला मानवलं नाही. अटॅक थांबवायला श्वास मोजत बसले की तीच नवी बाटली व्हायची. झोप अजून सुधारलेली नाही. काही सेशन्सनंतर संध्याकाळभर इतका थकवा यायचा की त्या दिवशी दुसरं काम ठेवता येत नसे. आणि चौथ्या महिन्यात, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना, भर मीटिंगमध्ये मोठा अटॅक आला. मी दाराकडे पाहिलं, पण उठले नाही. दहाएक मिनिटांत तो उतरला. सेशनमध्ये 'परत पहिल्यापासून' असं म्हणत मी रडले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खुर्चीत बसून राहायचं कुणी ठरवलं?"

कुणी जाणार असाल तर पहिल्या भेटीतच त्यांचं शिक्षण आणि नोंदणी विचारा. माझ्या त्रासावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, आणि फरक पडतोय की नाही हे आपण कशावरून ठरवायचं, हेही विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. पाच-सहा सेशन्सनंतरही काहीच हलत नसेल तर गुपचूप बंद करू नका, त्यांना सांगा. आणि तरीही जमत नसेल तर दुसऱ्यांकडे जा, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

सध्याचा गृहपाठ म्हणजे वहीचं शेवटचं पान, 'परत आलं तर'. मी अर्धं लिहिलंय. पुढच्या महिन्यात ते घेऊन जायचंय.