नोव्हाग सुपर कॉन्स्टेलेशन: चाळिशी उलटली, खुमखुमी तीच

मोबाइलवरच्या बुद्धिबळाचा मला कंटाळा आलाय. ते चुकतच नाही, मग खेळायचं कशाला? हे बुद्धिबळ खेळणारं जुनं यंत्र चुकतं, आणि तेही झोकात.

1984 सालचं, हाँगकाँगच्या नोव्हाग कंपनीचं. प्रोग्रॅम डेव्हिड किटिंगर यांचा, आत 4 मेगाहर्ट्‌झचा 6502 प्रोसेसर. एवढ्याशा जिवावर त्याने जपून खेळावं ना? छे! आपला राजा जरा उघडा पडला की पुरता हिशेब न लावता घोडा नाहीतर उंट देऊन मोकळा. कधी स्वतःच फसतो, कधी आपल्याला पळता भुई थोडी करतो. संग्राहकांचा जीव जडतो तो यासाठीच.

खेळताना मोहरं उचलायचं ते घर त्याच मोहऱ्याने दाबायचं, मग ठेवायचं ते घर. त्याची चाल काठावरचे दिवे सांगतात: एक उभ्या ओळीचा, एक आडव्या, दोन्ही मिळतात ते घर. मोहरं मात्र आपणच हलवायचं. साहेब नुसते हुकूम सोडणार!

अंत्यखेळ यथातथाच. हत्ती-प्याद्यांचा डाव उरला की हातातली बाजी घालवतो.

जुनं घेताना चौसष्टही घरं दाबून बघा. मूळ अडॅप्टर मागाच. माझ्या विक्रेत्याने भलताच जोडून दिला होता. लावण्याआधी त्यावरची अक्षरं वाचली म्हणून यंत्र वाचलं.