व्हर्व की व्हिगर?

भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीचं घोडं परवा 'चैतन्या'पाशी अडलं. वाक्य साधंच होतं, 'तिने चैतन्याने गायलं'. इंग्रजीत व्हर्व (verve) लिहू की व्हिगर (vigour)? शब्दकोशात दोन्हींपुढे उत्साह, जोम असेच अर्थ, त्यामुळे गोंधळ होणारच.

अर्थाचं बघू. व्हिगर म्हणजे जोम, अंगातली ताकद. मूळ लॅटिन. फरशी घासणं, विरोध करणं, चर्चा, व्यायाम, सगळं व्हिगरने होतं. झाडालासुद्धा तो असतो: संकरित वाण आईबापांपेक्षा जोरदार वाढतं, त्याला शेतीशास्त्रात हायब्रिड व्हिगर म्हणतात. तिथे व्हर्व लिहून बघा, वाक्य लगेच खोटं वाटेल. व्हर्व फ्रेंचमधून आला आणि इंग्रजीत सुरुवातीला लेखनातल्या खास हातोटीसाठी वापरला जायचा. तो वास अजून गेलेला नाही. गाणं, नाच, अभिनय, लेखणी, जिथे जोराबरोबर ठसका आणि स्वतःची ऐट असते तिथेच तो शोभतो. ढोलकीवर नुसता जोरात हात मारला तर व्हिगर; तोच हात लयीशी खेळत पडला, की व्हर्व.

वापराला व्हिगर सोपा. व्हिगरस, व्हिगरसली अशी रूपं सहज मिळतात. व्हर्वचं रोजच्या वापरातलं विशेषण नाही, 'विथ व्हर्व' असंच म्हणावं लागतं.

मैत्रिणीला मी व्हर्वच सुचवला, कारण गाण्यात नुसता जोर नव्हता. शरीर, श्रम, वाढ किंवा ठाम विरोध सांगायचा असेल तर मात्र व्हिगर घ्या.