वजन कमी करायला घेतलेली तीन उपकरणं: नऊ-दहा महिन्यांच्या वापरानंतर

वजन उतरवायचं ठरवल्यापासून तीन उपकरणं रोजच्या वापरात आहेत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, शरीरातली चरबी सांगणारा पायाखालचा ‘स्मार्ट’ काटा आणि मनगटावरचं फिटनेस घड्याळ. वय बेचाळीस, उंची १६० सेंमी, वजन ७८ वरून ६७ किलोवर आलंय. जिम लावली नाही, कुठलं नावाजलेलं डाएटही केलं नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते: खरं काम केलं ते तिघांत सर्वांत स्वस्त असलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्याने. घड्याळाची थोडीफार मदत झाली. पायाखालच्या काट्याचा वजनाचा आकडा कामाचा, बाकीचे दहा-बारा आकडे करमणुकीपुरते.

आता सविस्तर.

स्वयंपाकघरात काटा कशाला, हा प्रश्न घरातूनच आला होता. उत्तर असं की खाण्याच्या बाबतीत माणसाचा हिशेब अंदाजपंचे दाहोदरसे असतो. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कितीही कमी खाल्लं तरी वजन हलत नाही, अशी तक्रार असलेल्या लठ्ठ लोकांचं खाणं त्यात शास्त्रीय पद्धतीने तपासलं. त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. चयापचय मंद असल्याचा त्यांचा समज होता, पण तपासल्यावर चयापचय व्यवस्थित निघाला. बरं, ही मंडळी मुद्दाम थापा मारत होती असंही नाही. नुसत्या डोळ्यांना खाणं मोजणं जमतच नाही.

माझ्याकडे याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तेल. मोजायची युक्ती सोपी आहे. बाटली काट्यावर ठेवायची, ‘टेअर’ दाबून आकडा शून्यावर आणायचा, बाटली उचलून नेहमीच्या हाताने भांड्यात ओतायचं आणि बाटली परत काट्यावर. काटा उणे २३ दाखवतो. म्हणजे २३ ग्रॅम तेल गेलं, म्हणजेच २०० कॅलरी. त्याला घरात सगळे ‘एक चमचा’ म्हणत होतो. एक ग्रॅम स्निग्धात ९ कॅलरी, प्रथिनात आणि कर्बोदकात प्रत्येकी ४, हे ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेले ढोबळ आकडे आजही अन्नाच्या पाकिटांवर वापरतात. तेल म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्ध, त्यामुळे हात किंचित सैल झाला की शंभर कॅलरी कुठे गेल्या ते कळतही नाही. पदार्थाची चव, रंग, पोट भरणं, कशातच फरक पडत नाही आणि हेच तेलाचं चोरटेपण. पालेभाजी दुप्पट खाल्ली तर निदान ताटात दिसते तरी.

बदामांचंही तेच. ३० ग्रॅम म्हणजे साधारण १७५ कॅलरी. माझी मूठ ४० च्या पुढे जाते आणि नवऱ्याची त्याहून पुढे. पौष्टिक आहे म्हणून मोजायचं नाही, असा एक अलिखित नियम घराघरांत असतो. काटा तो नियम मानत नाही.

धान्यांच्या बाबतीत मात्र नवीन माणूस हमखास गोंधळतो. कोरड्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ३६० कॅलरी आणि शिजलेल्या भातात १३० च्या आसपास, कारण मधे पाणी शिरलेलं असतं. खाण्याच्या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात आणि चुकीचा उचलला की दिवसाचं गणित कोलमडतं. मी नेहमी कच्चंच मोजते. घरात चौघांसाठी २०० ग्रॅम तांदूळ घेतले की ते ७२० कॅलरींचे. शिजल्यावर भांड्यासकट वजन करायचं, रिकाम्या भांड्याचं वजा करायचं. समजा ५६० ग्रॅम भात झाला, तर माझ्या ताटातले १४० ग्रॅम म्हणजे बरोबर पाव हिस्सा, १८० कॅलरी. रोजच्या वापरातल्या भांड्यांचं रिकामं वजन कायमच्या शाईच्या पेनाने बुडाच्या कडेला लिहून ठेवलंय. घासणीने पुसट होतं, महिन्याभरात परत लिहावं लागतं, पण गरम भात दुसऱ्या भांड्यात काढण्याची कटकट वाचते.

आता काट्याचे दोष. पहिला आणि सर्वांत चीड आणणारा म्हणजे तो आपोआप बंद होतो. तेल ओतताना दार वाजलं, उघडून आलात, की पडदा काळा आणि शून्य केलेला आकडा गायब. घेताना हा बंद होण्याचा वेळ वाढवता येतो का ते जरूर बघा. माझ्यावर येत नाही. दुसरं, पसरट भांडं ठेवलं की पडदा त्याच्याखाली जातो. तिसरं, दोन-चार ग्रॅमच्या वस्तू तो धडपणे मोजत नाही. मीठ किंवा साखर चिमटीचिमटीने टाकत गेलात तर आकडा हलतच नाही, कारण अगदी हळूहळू वाढणारं वजन म्हणजे आपलाच शून्य सरकला, असं समजून बरेच काटे ते गिळून टाकतात. अशा वेळी डबी काट्यावर ठेवून उणे आकडा वाचायचा. आणि ‘मिलिलिटर’चं बटण फक्त पाण्यासाठी धरा. तेल पाण्याहून हलकं असतं, १०० मिलिलिटर तेलाचं वजन ९२ ग्रॅमच्या जवळपास भरतं. काटा हे जाणत नाही. तो ग्रॅमलाच मिलिलिटर म्हणतो.

पायाखालच्या काट्याबद्दल मात्र माझं मत हळूहळू बिघडत गेलं. तो एका तळव्यातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो, दुसऱ्यातून परत घेतो आणि वाटेत किती अडथळा आला ते मोजतो. स्नायूंत पाणी भरपूर, चरबीत कमी, म्हणून चरबीतून प्रवाह अवघड जातो, इतपत विज्ञान खरं आहे. पण प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली उतरतो, पोटाच्या वरच्या भागाची त्याला फारशी खबर नसते. उरलेलं सगळं तुम्ही भरलेल्या वय, उंची आणि लिंगावरून सूत्राने काढलेलं असतं. माझ्या काट्यावर सकाळी चरबी ३७ टक्के आणि त्याच दिवशी आंघोळीनंतर ३४ टक्के असायची. आंघोळीने चरबी जात असती तर काय हवं होतं! एकदा गंमत म्हणून ॲपमध्ये ‘खेळाडू’ हा पर्याय निवडला. तेच पाय, तोच काटा, आणि चरबी एका झटक्यात कितीतरी खाली. त्या दिवसापासून ‘शरीराचं वय’, ‘हाडांचं वजन’ वगैरे रकाने बघणं सोडून दिलं.

नुसत्या वजनासाठी तो चांगला आहे, फक्त रोजच्या आकड्याला भाव द्यायचा नाही. खारट जेवण, मासिक पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठता, नवा व्यायाम, यांतल्या कशानेही एक-दीड किलो सहज वरखाली होतं. पहिल्या आठवड्यात भराभर उतरणारं वजनही बरंचसं पाणीच असतं. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. कमी खायला लागलं की हा साठा आधी खाली होतो, पाणी सुटतं आणि लोक फोटो टाकायला लागतात. मी रोज सकाळी एकाच वेळी, टणक फरशीवर वजन करते आणि आठवड्याची सरासरी तेवढी लिहून ठेवते. गालिच्यावर काटा ठेवू नका, वाटेल ते सांगतो.

चरबीसाठी शिंप्याकडे असते तशी साधी मापाची टेप पायाखालच्या काट्यापेक्षा भरवशाची. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा सोपा नियम ब्रिटनमधल्या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ पासून आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला आहे. माझ्यासाठी तो आकडा ८० सेंमी. अजून दोन बाकी आहेत.

घड्याळाचं पावलं मोजणं ठीक, नाडीचे ठोकेही बऱ्यापैकी बरोबर, पण कॅलरींवर विश्वास ठेवू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली, तेव्हा कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. पाऊण तास भरभर चालल्यावर माझं घड्याळ ३०० च्या वर आकडा सांगतं. ७५ किलोच्या माणसाच्या हिशेबाने चालण्याचा एकूण खर्च २४० च्या आसपास बसतो, आणि त्यातल्या ५०-६० नुसतं बसून राहिलं तरी जळाल्याच असत्या. म्हणजे जास्तीच्या उरल्या १८०-१९०. ‘आज ३०० जाळल्या, मग खायला काय हरकत आहे’ म्हणून खाल्लं की चालणं जमाखर्चात उलटं पडतं. शिवाय नोंदींचं ॲप घड्याळाने सांगितलेल्या व्यायामाच्या कॅलरी खाण्याच्या मर्यादेत आपणहून मिळवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते आधी बंद करा. दहा हजार पावलांचं लक्ष्यही फार मनावर घेऊ नका; १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून ते आलं.

मग व्यायाम कशासाठी? वजन उतरवण्यात त्याचा थेट वाटा लहान आहे, हे मान्य करूनही मी तो सोडणार नाही. नुसतं कमी खाऊन जे वजन उतरतं त्यातला अंदाजे पाव हिस्सा चरबीखेरीजच्या ऊतींचा असतो आणि त्यात स्नायूही आले. ते वाचवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंसाठीचा व्यायाम सांगते. लोक पहिलं ऐकतात, दुसरं विसरतात. मी दोन डंबेल्स आणि एक जाड रबरी पट्टा घेतला. उठाबशा, भिंतीवर आणि नंतर जमिनीवर जोर, पट्टा छातीकडे ओढणं, डंबेल्स हातात धरून पुढे वाकणं. प्रत्येक प्रकार शेवटची दोन-तीन आवर्तनं जड जातील इतपत, आणि सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं. सुरुवातीला भिंतीवर जोर काढतानाही हात थरथरत होते. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या वर ठेवली. त्याने भूकही आवाक्यात राहते, आणि ती पचवण्यातच त्यांच्या कॅलरींपैकी २०-३० टक्के खर्च होतात, हा वरचा फायदा.

कुठलं डाएट, असं सगळे विचारतात. दिवसाला साधारण १५५०-१६०० कॅलरी, बस. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्याच ६०९ लोकांवरच्या वर्षभराच्या प्रयोगात कमी चरबीवाले आणि कमी कर्बोदकंवाले यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, त्यामुळे त्या वादात मला रस नाही. पाकिटबंद, अतिप्रक्रिया केलेलं खाणं मात्र हात आखडूनच घेते. अमेरिकेत २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे तसं आणि दोन आठवडे साधं जेवण, दोन्हीकडे हवं तेवढं, दिलं होतं. पाकिटातल्या जेवणावर ते रोज ५०० कॅलरी जास्त खात होते. भुकेला तिथे लगामच बसत नाही.

मधे वजन महिनाभर एकाच ठिकाणी अडून बसलं. याला घाबरून बरेच जण सोडून देतात, म्हणून सांगते. मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने माझं विश्रांतीतलं ज्वलन, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी जळणाऱ्या कॅलरी, ७८ किलोला १४०९ कॅलरी येतं आणि ६७ ला १२९९. म्हणजे शरीर हलकं झाल्यानेच रोजच्या ११० कॅलरींची गरज संपली, आणि हलकं शरीर चालवायलाही कमी इंधन लागतं. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, हे गणित कागदावर सरळ रेषेत उतरतं, प्रत्यक्षात उतार मंदावत जातो. मी खाणं आणखी कापलं नाही, संध्याकाळी अर्धा तास चालणं वाढवलं. थोड्या दिवसांनी सरासरी पुन्हा सरकली.

हे सगळं कोणी करू नये, तेही सांगते. पूर्वी खाण्याचा मानसिक आजार झालेल्यांनी मोजण्याच्या वाटेला जाऊ नये. आकड्यांचं वेड लागतं. माझ्यासारखीलाही दुसऱ्याच्या घरी जेवताना अस्वस्थ व्हायचं, त्यावर मी बाहेरचं जेवण मोजायचंच नाही असं ठरवून टाकलं. गरोदर बायका, वाढत्या वयाची मुलं यांच्यासाठी हे नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं आपल्या मनाने वाढवू नका. पेसमेकर बसवलेल्यांनी विद्युतप्रवाहवाल्या काट्यावर उभंच राहू नये.

सध्या फक्त तेल, सुका मेवा आणि धान्य मोजते, बाकीचं डोळ्यांनी, कारण इतक्या महिन्यांनी डोळे बऱ्यापैकी तयार झालेत. स्मार्ट काट्याचं ॲप काढून टाकलंय. स्वयंपाकघरातला काटा घेणार असाल तर पाच किलोपर्यंत मोजणारा, सपाट काचेचा, पडदा बाहेर ओढता येणारा बघा, आणि जमल्यास पेन्सिल सेलवर चालणारा. माझा नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालतो. तो उतरायला लागला की आकडे आधी हळूच भरकटतात आणि मगच इशारा येतो, म्हणून अधूनमधून एक लिटर पाणी ठेवून हजार दाखवतो का ते तपासते. घरात लहान मूल असेल तर या चपट्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं ना, ते आधी पाहा. गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.