सिलिअॅकची कार्यशाळा: फॅमिली डॉक्टरांनी जरूर जावं, थोड्या तक्रारींसह

नाशिकच्या सिडकोत जनरल प्रॅक्टिस करते, त्यामुळे रविवारच्या सीएमई (डॉक्टरांची शिक्षणसत्रं) मला नव्या नाहीत. क्रेडिट पॉइंट हवे असतात. माणसं येतात, सही करतात, जेवतात, निघतात. कॉलेज रोडवर परवा झालेल्या सिलिअॅकच्या (गहू वगैरे धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) कार्यशाळेत मात्र जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

कारण सुरुवातच भाषणाने झाली नाही. टेबलावर एकेक केसपेपर ठेवला होता. आमच्या वाट्याला आलेली मुलगी नऊ वर्षांची, हिमोग्लोबिन ७.८, वर्गात सगळ्यांत बुटकी. जंताचं औषध देऊन झालंय, लोहाचं सिरप वर्षभर चालू आहे, थॅलेसेमियाची तपासणी नॉर्मल. जुलाब नाहीत. पुढे काय? आमच्या टेबलावर टीबीवर एकमत होत आलं होतं. शेजारच्यांनी ‘खात नाही नीट’ लिहून कागद परत दिला. मग गॅस्ट्रोच्या (पोटविकारतज्ज्ञ) सरांनी विचारलं, लोह शोषलं कुठे जातं? लहान आतड्याच्या सुरुवातीला. हा आजार नेमका तिथेच घाव घालतो, मग सिरप बदलून काय होणार? जुलाब आणि फुगलेलं पोट पाठ्यपुस्तकात असतं. ओपीडीत न हटणारा अॅनिमिया, खुंटलेली उंची, सारखं येणारं तोंड, कारण न सापडणारं वाढलेलं एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) असतं. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुलं आणि रुग्णाची सख्खी भावंडं यांची तर लक्षणं नसतानाही तपासणी करावी.

सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी एकाच गोष्टीवर घालवला आणि तो सार्थकी लागला: तपासणीआधी गहू बंद करू नका. ‘दोन महिने पोळी सोडून बघा’ हा सल्ला आपल्याकडे फार उदारपणे दिला जातो, आणि आता तर घरोघरी नातेवाईकच देतात. गहू सुटला की टीटीजी अँटिबॉडी (या आजारासाठी रक्तात तपासतात त्या) उतरायला लागतात, आतडं भरून येतं, आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही काहीच सिद्ध होत नाही. ज्यांनी आधीच सोडला आहे त्यांना पुन्हा काही आठवडे रोज पोळी खायला लावावी लागते. ज्याचं पोट पोळीने दुखतं त्याला हे समजावून बघा!

टीटीजी आयजीएसोबत (आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार) एकूण आयजीए का मागवायचं, हा भाग घाईत उरकला. तो उरकायला नको होता. ज्यांच्यात आयजीएच कमी असतं त्यांचा टीटीजी खोटा निगेटिव्ह येतो, आणि चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिणारे आम्हीच आहोत. बायोप्सीचं नीट सांगितलं: ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून किमान चार आणि बल्बमधून, म्हणजे त्याच्या पहिल्या भागातून, एक-दोन तुकडे, कारण खराबी सलग नसते. मुलांमध्ये टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून जास्त आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए (याच आजाराची आणखी एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल, तर युरोपीय बालरोग मार्गदर्शनानुसार बायोप्सी टाळता येते, हे बऱ्याच जणांना नवीन होतं.

मोठे आकडे उत्तरेचे. २०१६च्या भारतीय अभ्यासात उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत हा आजार दिसला. ईशान्य भारतही त्यात होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणून ‘आपल्याकडे नसतोच’ म्हणायचं? निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र असलेला हा जिल्हा आहे आपला. आजी बाजरीची भाकरी खायची, नातवाच्या डब्यात दोन्ही वेळा पोळी आणि मधल्या सुट्टीत बिस्किटं.

दहा मिनिटं एका रुग्ण मुलाची आई बोलली. तिच्यासाठी पूर्ण तास ठेवायला हवा होता. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात, म्हणून तिने घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं, हे तिला डॉक्टरांनी नाही, दुसऱ्या एका आईने सांगितलं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठातही. खपली गहू ‘चालतो’ असं तिला दुकानदार छातीठोकपणे सांगत होता. तोही गहूच, अजिबात चालत नाही. आमच्यातले निम्मे लोक हे लिहून घेत होते.

आणि बाहेर स्टॉल कशाचा? महागड्या ग्लुटेन-फ्री कुकीजचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा असलेल्या मुलखात रुग्णाला पहिली ओळख कुकीजची कशाला? नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच तसं लेबल लावता येतं, एवढं वाचायला शिकवलं असतं तरी पुरलं असतं. रुग्णाला द्यायचं पत्रकही फक्त इंग्रजीत. माझ्या पेशंटला त्याचा काय उपयोग? मी मराठीत एक पान करून घेतलंय, दवाखान्यात ठेवलंय.

पाचशे रुपये फी वसूल. पुढची बॅच नाशिक रोडला घेणार म्हणतात. बालरोगतज्ज्ञांना हे येतंच. आमच्यासारख्या एमबीबीएसना, बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांना आणि शाळा तपासणीच्या डॉक्टरांना आधी बोलवा. पार्किंगचं तेवढं बघा, मी गाडी दोन गल्ल्या सोडून लावली होती.