खाणीच्या पाण्यासाठी जिवाणूंची टाकी: चौदा महिने वापरल्यावर

आमची तांबं-जस्ताची खाण केव्हाच बंद झाली, पाणी मात्र झिरपतंच आहे. गंधक असलेल्या खडकाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, त्यात धातू विरघळतात आणि ओढ्यातले दगड गेरू फासल्यासारखे दिसतात. हे पाणी सांभाळणं माझं काम. इतकी वर्षं पाण्यात चुना घालून आम्ल मारण्यावर भागवलं, पण त्याचा गाळ एवढा फुगीर निघतो की टाकायचा कुठे, हीच रोजची विवंचना.

नेदरलँड्समध्ये बुडेलच्या जस्त कारखान्यात 1992 साली सल्फेटवर (पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारावर) जगणाऱ्या जिवाणूंनी दूषित भूजल शुद्ध करायला सुरुवात झाली, हे वाचून मी अशी टाकी बसवून घेतली. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात. ते धातूंना धरून तळाशी बसतं, शिवाय आम्लही उतरतं.

सुरुवातच बिघडली. पुरवठादाराच्या माणसाने तिसऱ्याच दिवशी साडेतीन पीएचचं, म्हणजे चांगलंच आम्ल पाणी पूर्ण वेगाने सोडलं आणि जिवाणू मेले. फोन केला तर म्हणे, "होईल हळूहळू." शेवटी मीच टाकी रिकामी केली, तळ्याच्या बुडातला काळा चिखल आणून बी म्हणून घातला आणि जिवाणूंना खाणं म्हणून थोडं थोडं इथेनॉल देत पाच आठवडे पाणी आतल्या आत फिरवलं.

सहाव्या आठवड्यात खाणीचं पाणी बेताबेताने सोडलं. नमुन्याची बाटली उजेडात धरली, तर शाई सांडावी तसे काळे धागे फिरत होते. अर्ध्या तासात ते खाली बसले आणि वर नितळ पाणी राहिलं. बाटलीच्या तोंडाशी लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद धरला, तो आधी तपकिरी, मग काळा झाला, म्हणजे सल्फाइड तयार होत होतं. तो कागद मी नोंदवहीत चिकटवून ठेवलाय.

तांबं, जस्त, कॅडमियम चोख निघतात. मँगनीज जवळपास तसंच बाहेर येतं, त्यामुळे पुरवठादाराच्या माहितीपत्रकातलं "सर्व धातू" चूक आहे. थंडीत जिवाणू मंदावतात, तेव्हा पाणी कमी सोडावं लागतं. त्यांच्या खाण्यातून अ‍ॅसिटेट उरतं, ते ओढ्यातला प्राणवायू खातं, म्हणून ओढ्यात सोडण्याआधी पाण्याला हवा द्यावी लागते. गाळ चुन्याच्या मानाने खूपच कमी आणि घट्ट, पण तो उघड्यावर टाकू नका, हवेने धातू पुन्हा सुटतात.

आणि गॅसचा अलार्म! तो पुरवठादाराने "हवा असल्यास वेगळा" म्हणून लावलाच नव्हता. टाकीत तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासाच होतो. अलार्म नसेल तर झाकणाला हात लावू नका.

पुढच्या महिन्यात दुसरी टाकी लावतेय. बी याच टाकीतल्या गाळाचं असेल आणि पाण्याचा व्हॉल्व्ह मीच उघडणार.