इसबासाठी '५.५ पीएच'चा साबण : पट्टी पिवळी राहिली म्हणून घेऊ नका

प्रदर्शनातल्या स्टॉलवर साबणाच्या वडीवर पीएच कागदाची पट्टी दाबून दाखवतात. पीएच म्हणजेच सामू: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. "बघा ताई, पिवळीच राहिली! सामू साडेपाच, इसबाला एकदम सुरक्षित." पट्टी पिवळी राहते कारण ती कोरडी असते. हा कागद मुळातच पिवळसर, पाणी लागल्याशिवाय रंग बदलत नाही. त्याच वडीचा चिमूटभर कीस दोन चमचे आरओच्या पाण्यात विरघळवून पट्टी बुडवा. काही सेकंदांत निळसर झाली, तर सामू ९-१० च्या घरात आहे.

तेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबण आम्लधर्मी होऊच शकत नाही. ५.५ पर्यंत उतरवला तर मेदाम्लं सुटी होतात, फेस मरतो, साबणच उरत नाही. मग त्यात हळद घाला नाहीतर गाढविणीचं दूध. घटकांत सोडियम पामेट, सोडियम कोकोएट दिसलं की तो साबण. सौम्य वडी सिंडेटची, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम स्वच्छकाची असते, तिच्या यादीत सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट सुरुवातीलाच सापडतं.

निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, इसबात तो आधीच चढलेला असतो. चढला की त्वचेच्या पेशींचे दुवे तोडणारी विकरं (एन्झाइम्स) जोर धरतात, सिरामाइड हा त्वचेचा ओलावा राखणारा स्निग्ध पदार्थ बनवणारी मंदावतात आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूला रान मोकळं मिळतं. वर पुन्हा सामू चढवणारा साबण!

खरा धोका मात्र सोबतच्या 'आयुर्वेदिक' मलमाच्या डबीत. तिचाही सामू ५.५ सांगतात. निव्वळ तेल-मेणात पाणीच नाही, तर सामू कसला? खाज दोन दिवसांत गायब झाली तर संशय घ्या. अशा डब्यांत क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड सापडलेलं आहे. बंद केलं की इसब उसळतो, लावत राहिलं की कातडी पातळ होते, जांघेत जांभळट वळ उठतात. डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर नसेल तर ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

सामू उतरवायला लिंबू-व्हिनेगर चोळणं हा दुसरा वेडेपणा. फुटलेल्या कातडीची नुसती आग होते. कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत अंघोळ उरका, सिंडेटची वडी फक्त काखा, जांघा, पावलांना. अंग टिपून ३ मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. अंगभर इसब असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला अर्धा किलोपर्यंत लागतं, तिथे ५० ग्रॅमची महागडी ट्यूब काय पुरणार?

पैसे गेलेच असतील तर बिल, खोकं, पट्टीचा फोटो जपा. साबणाची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, मलमाची अन्न व औषध प्रशासनाकडे.