व्हेरिटो डिझेलचा टायमिंग बेल्ट: १४ महिने आणि १९,००० किमी वापरानंतरचा अनुभव

गाडी महिंद्रा व्हेरिटो, १.५ डिझेल. इंजिन रेनोचं १४६१ सीसी के-नाइन-के. २००७ साली लोगान नावाने ही गाडी नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली, त्यामुळे हे इंजिन उघडलेले हात इथे अजून सापडतात. डस्टर, टेरॅनो, सनी आणि मायक्रा डिझेल यांनाही हेच इंजिन असल्याने खालचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

बदललेले भाग: टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना एका लयीत फिरवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर (त्या बेल्टला ताण देणारी पुली), वॉटर पंप, बाहेरचा फॅन बेल्ट (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा) व त्याचा रोलर, क्रँक पुलीचा बोल्ट आणि कूलंट. क्रँकचं पुढचं ऑइल सील कोरडं होतं म्हणून हात लावला नाही. चांगलं सील उगाच काढून नवं बसवलं की तिथूनच तेल पाझरायला लागतं, हा प्रकार कमी नाही. वापर निम्मा शहरातला, बाकीचा कसारा घाट आणि दिंडोरी-वणी रस्त्याचा.

अजून तरी तक्रार नाही. पण चौदा महिन्यांत बेल्ट तुटला नाही, याला शिफारस म्हणता येणार नाही. हलका बेल्टही एवढा धावतोच. म्हणून बेल्टपेक्षा त्याच्या शेजारपाजारच्या वस्तूंबद्दलच जास्त लिहितो आहे.

आधी कधी बदलायचा ते. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात आणि त्यातला आधी येईल तो धरायचा असतो. लोक किलोमीटर पाहतात, वर्षं विसरतात. पुस्तकातला आकडा मोठा असला तरी आपल्याकडच्या वापराला ८०,००० किमी किंवा पाच वर्षं हीच मर्यादा धरावी, असं माझं मत आहे. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. शिवाय नाशिकच्या द्वारका चौकात गाडी दहा मिनिटं चालू स्थितीत अडकली तर किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही, बेल्ट मात्र दहा मिनिटं फिरलेला असतो. साधा हिशोब करा. सरासरी वेग ताशी २५ असेल तर ८०,००० किमी म्हणजे ३,२०० तास. तेच अंतर महामार्गावर ताशी ६० ने कापलं तर साडेतेराशे तासही होत नाहीत. शहरातच सीबीएस-शालिमार-नाशिकरोड अशी फिरणारी गाडी आणि रोज मुंबईला जाणारी गाडी यांना एकच किलोमीटरचा आकडा लावण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल, तर तो बदललेला नाही असं धरायचं. विकणाऱ्याचा शब्द हे बिल नव्हे.

‘वरचं कव्हर काढून बघू, भेगा असतील तर बदलू,’ हा सल्ला जुन्या बेल्टच्या काळातला. आताच्या बेल्टचं रबर वेगळं आहे. आत काचेच्या तंतूंचे दोर आणि दातांवर नायलॉनचं कापड असतं. पाठीवर एकही भेग नसताना दाताच्या मुळाशी चीर गेलेली असू शकते, आणि ती बेल्ट जागेवर असताना दिसत नाही. बघून फक्त एवढंच कळतं की बेल्ट खात्रीने खराब आहे. चांगला आहे हे बघून कळत नाही. तेलकट चमक, कडेचे सुटलेले धागे, फुगलेले मऊ दात किंवा कव्हरच्या तळाशी काळा भुगा दिसला, तर किलोमीटर विसरा आणि बदला.

बेल्ट सुटला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी कॅमशाफ्टही जातो. त्या खर्चात हा सगळा संच कैक वेळा येतो. आणि बेल्ट सुटण्याआधी आवाज करेल अशा भरवशावर राहू नका.

या इंजिनाची खास खोड बाहेरच्या फॅन बेल्टची आहे. तो कडेने झिजला की त्याचे धागे सुटतात, क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरात शिरतात आणि दातांखाली अडकतात. टायमिंग बेल्ट दोन-चार दात उडी मारतो आणि चांगल्या बेल्टचं इंजिन भलत्याच बेल्टपायी जातं. म्हणून फॅन बेल्ट जुना ठेवून टायमिंग बेल्ट बदलणं म्हणजे निम्मं काम. खालचं प्लास्टिकचं कव्हरही पूर्ण हवं. आधीच्या कामात क्लिपा तुटलेल्या, कोपरा उडालेला, अशा कितीतरी गाड्या फिरतात. तिथून खडी शिरते, पावसात चिखल शिरतो आणि शेताजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीरही.

वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. त्याचं बेअरिंग जाम झालं तर बेल्टचे दात सोलले जातात, सील गळलं तर कूलंट बेल्टवर येतं. पंप नंतर बदलायचा म्हटलं की तीच सगळी मजुरी पुन्हा. टेन्शनरचंही तेच. या इंजिनाच्या संचात बेल्ट आणि टेन्शनर असतात, पंप बहुधा वेगळा घ्यावा लागतो. दुकानात गाडीचं नाव सांगून भागत नाही, इंजिन नंबर दाखवा. जुना बेल्ट समोर धरून रुंदी आणि दात मोजा. डबा उघडा असेल, किंवा बेल्ट घडी घालून रबरबँड लावलेला असेल, तर परत करा. एकदा मुडपला की आतले काचेचे दोर मोडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बसवण्याचं काम पाच-सहा तासांचं. उजवं पुढचं चाक आणि चाकाच्या कमानीतलं कव्हर निघतं. सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोललं की मग उजवं माउंटिंग खोलायचं. ठोकळ्याशिवाय जॅक लावला तर सम्प चेपतो. कॅमशाफ्ट आणि क्रँक या दोन्हींची नेमकी जागा दाखवणाऱ्या पिना येतात, आणि त्या ज्याच्याकडे नाहीत त्याला हे काम देऊ नये. व्हाइटनरने खुणा करून बेल्ट चढवण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. जुना बेल्ट आधीच एक दात चुकलेला असेल तर खुणांबरोबर ती चूकही उतरते. गाडी चालू होते, पण दम लागतो, धूर वाढतो. डिझेलच्या हाय प्रेशर पंपाच्या पुलीची खूणही त्याच वेळी जुळवून घ्यावी.

पिन फक्त जागा दाखवते, जोर झेलत नाही. क्रँक बोल्ट सोडताना ती आतच ठेवली तर वाकते किंवा तुटते. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला की बोल्ट सुटतो. परत घट्ट करताना नवाच बोल्ट, आधी टॉर्क पान्याने ठरलेला जोर आणि मग ठरलेले अंश फिरवणं. वेगवेगळ्या वर्षांच्या इंजिनांत हा बोल्ट वेगळा आहे, तेव्हा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा, तोंडी नको.

टेन्शन लावताना इंजिन पूर्ण गार हवं. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाढतं. गरम इंजिनावर बरोबर लावलेला बेल्ट गार झाल्यावर ढिला पडतो. नंतर पिना काढून क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि दोन्ही पिना परत घालून बघायच्या. सहज गेल्या तर टेन्शनरची खूण पुन्हा तपासायची, अडल्या तर सगळं पुन्हा. हे दोन फेरे टाळून थेट चावी मारणारा फिटर तुमच्या व्हॉल्व्हवर जुगार खेळतो आहे.

कूलंटसाठी सहा लिटर मिश्रण तयार ठेवलं होतं, थोडं उरलं. डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरचं पाणी नव्या पंपाच्या सीलला आणि रेडिएटरला दोन्हीकडे नडतं.

आता चौदा महिन्यांचं. पहिल्या दोन आठवड्यांत कूलंटची पातळी बोटभर उतरली. ती अडकलेली हवा होती. एकदा भरल्यावर परत हलली नाही. १,००० किमीला पंपाखाली आणि सीलपाशी कोरडं. ५,००० किमीला बेल्टवरची छापील अक्षरं पुसली होती, ते चालायचंच. पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला सकाळी गाडी सुरू करताना फॅन बेल्ट दोन-तीन सेकंद किंचाळला. पाणी उडालं की गप्प. त्यावर कसलाही स्प्रे मारायचा नाही, रबर फुगतं. हिवाळ्यात टायमिंगच्या बाजूने घूं असा आवाज नाही, म्हणजे बेल्ट जास्त ताणलेला नाही. खालच्या कव्हरची एक क्लिप १२,००० किमीला गळाली, दहा रुपयांची. ती लावायला आळस करू नका.

खर्च सगळा धरून साडेबारा हजार, त्यात मजुरी साडेतीन. पिनांशिवाय काम करणारे हजारभर कमी सांगतात.

स्विफ्ट किंवा डिझायरच्या १.३ डिझेलला हे काही लागू नाही, तिथे चेन आहे. तिचं आयुष्य वेळच्या वेळी बदललेल्या इंजिन ऑइलवर ठरतं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला टायमिंग बेल्टच्या पुढच्या बदलाची तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावला आहे, आणि त्याखाली दुसरी ओळ आहे: फॅन बेल्ट ४०,००० किमीला. ती पहिलीच्या आधी येते.